चढाला मान टाकणारी गाडी

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली गाडी साखरप्यापर्यंत सहसा कुरकुरत नाही. मिऱ्यापासून सुरू होणारा नागपूर महामार्ग कुवारबाव, हातखंबा, पाली, नाणीज करत पुढे सरकतो. वाटेत चढ-उतार आहेत, वळणे आहेत, चौपदरीकरणाची धूळ आहे, तरी गाडी चालत राहते. साखरपा मागे पडतो, आंबा घाट लागतो, पुढे लोड भरलेला ट्रक रांगत असतो. तुम्ही मोकळा रस्ता पाहून तिसरा गिअर टाकता, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबता आणि गाडी जागची हलल्यासारखी वाटतच नाही. आवाज वाढतो, वेग वाढत नाही. ओव्हरटेक अर्धवट सोडून पुन्हा ट्रकच्या मागे यावे लागते. घाट संपून आंबा गावाची सपाटी आली की तीच गाडी काही झालेच नाही अशा थाटात पळू लागते.

गॅरेजमध्ये ही तक्रार तीन-चार शब्दांत सांगितली जाते. पिकअप नाही, गाडी ओढत नाही, लोड घेत नाही, चढाला मान टाकते. मग सुरू होते अंदाजाने पार्ट बदलण्याची माळ. प्लग बदलले, डिझेल फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले, एखाद्याने क्लच प्लेटही उतरवली. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटते, कारण पैसे खर्च केल्यावर माणसाला बरे वाटतेच. पुढच्या घाटात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि अनेकदा दोष असतो तो एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच, हवेच्या नळीत खोचलेल्या एका छोट्या सेन्सरमध्ये. त्याला कोणी एअर फ्लो सेन्सर म्हणते, कोणी एअर मास सेन्सर, तर स्कॅनरच्या पडद्यावर एमएएफ अशी अक्षरे येतात. काम एकच: इंजिनात दर सेकंदाला किती ग्रॅम हवा चालली आहे हे गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला, सांगणे.

हा सेन्सर एकदम मरत नाही, ही सगळी अडचण आहे. मेला तर बरे, लगेच दिवा लागेल. तो थोडे थोडे खोटे बोलू लागतो, आणि इंजिनाकडे सर्वांत जास्त मागणी असते त्याच वेळी सर्वांत मोठे खोटे बोलतो. सपाटीवर ते कोणाच्या लक्षात येत नाही. घाटात येते.

आता हवा ग्रॅममध्ये मोजायची कशाला? आपण गाडीला पेट्रोल पाजतो असे म्हणतो, पण वजनाने पाहिले तर इंजिन मुख्यतः हवाच खाते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. १३०० सीसीचे इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांत एकदा ते आपली पोकळी भरून घेते. म्हणजे मिनिटाला २६०० लिटर, सेकंदाला ४३ लिटरच्या आसपास हवा. समुद्रसपाटीला लिटरभर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम. सिलिंडर कधीच शंभर टक्के भरत नाहीत, ते वजा केले तरी सेकंदाला ४५ ग्रॅम हवा होते, आणि तिला पुरेल इतके पेट्रोल म्हणजे सेकंदाला जेमतेम ३ ग्रॅम. हेच इंजिन सिग्नलला उभे असताना, टर्नवर, सेकंदाला दोन-तीन ग्रॅम हवेवर भागवते. पंधरा-वीस पटींचा हा फरक क्षणाक्षणाला मोजायचा आणि तेवढेच इंधन सोडायचे, हे ईसीयूचे काम. कार्ब्युरेटरच्या काळात ते एका स्क्रूवर आणि मेकॅनिकच्या कानावर चाले. आपल्याकडे २००० सालाच्या आसपास इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या एमपीएफआय गाड्या सर्रास झाल्या, आणि कानाची जागा सेन्सरने घेतली.

मोजण्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो, आणि जोरात फुंकर घातली की आणखी लवकर. तापलेल्या वस्तूवरून वारा जितका जास्त, तितकी उष्णता जास्त वाहून जाते. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या लुई व्हेसो किंग यांनी १९१४ मध्ये तापलेल्या बारीक तारेवरून वारा वाहिला तर किती उष्णता जाते याचे गणित मांडले. पुढे वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे त्यावर उभी राहिली. जर्मनीच्या बॉश कंपनीने आधी, १९६७ मध्ये, इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजून तिचा अंदाज घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा फोक्सवॅगनमध्ये बसवली होती. मग हवेच्या झोताने उघडणारी झडप आली, आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तापलेली तार आली. प्लॅटिनमची ती तार मिलिमीटरच्या सात शतांशाएवढी, म्हणजे ०.०७ मिलिमीटर जाड. ती बाहेरच्या हवेपेक्षा शंभरेक अंशांनी गरम ठेवायची. हवा वाहून तिला गार करू लागली की सर्किट जास्त करंट देऊन तिचे तापमान जागेवर आणते. किती करंट द्यावा लागला यावरून किती हवा गेली ते कळते. थंड हवा घट्ट असते आणि तारेला जास्त गार करते, त्यामुळे हा हिशेब आपोआप वजनाचा होतो, नुसत्या लिटरचा राहत नाही.

त्या जुन्या तारेच्या सेन्सरमध्ये एक छान सोय होती. इंजिन बंद केल्यावर ती सेकंदभर सुमारे हजार अंशांपर्यंत तापवली जाई आणि तिच्यावरची घाण जळून जाई. आजच्या गाड्यांत तारेऐवजी काचेच्या किंवा सिलिकॉनच्या चकतीवर चढवलेला पातळ थर असतो, त्याला हॉट फिल्म म्हणतात. तो हवा उलटी वाहिली तरी ओळखतो, स्वस्त पडतो, जास्त टिकतो. पण स्वतःला जाळून साफ करत नाही. घाण बसली की बसली.

ती घाण बसल्यावर काय होते? धुळीचा आणि तेलाचा थर म्हणजे अंगावर घेतलेले पांघरूणच. वारा वाहतो, पण त्याचा गारवा आत पूर्ण पोहोचत नाही. सेन्सरला वाटते, हवा कमी आहे. इथे किंग यांचे गणित आडवे येते. करंट हवेच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, हवा वाढत जाते तसा तो कमी कमी वेगाने वाढतो. त्यामुळे वरच्या टोकाला सिग्नलमधल्या लहानशा फरकाचा अर्थ हवेच्या भाषेत मोठा होतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरने पूर्ण ॲक्सिलरेटरला व्होल्टेज फक्त दोन टक्के कमी दिले, तरी ईसीयूच्या लेखी हवा आठ टक्क्यांहून अधिक घटते. टर्नवर हीच चूक इतकी लहान की गाडी शांतपणे उभी राहते आणि मालकाला शंकाही येत नाही.

पेट्रोल गाडीत ही चूक झाकणारा आणखी एक जण असतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर. जळून बाहेर पडलेल्या धुरात ऑक्सिजन उरला का, हे तो सांगतो. उरला असेल तर पेट्रोल कमी पडले, मग ईसीयू थोडे वाढवते. हातखंबा ते पालीच्या दरम्यान आरामात चालवताना एअर फ्लो सेन्सरचे खोटे हा ऑक्सिजन सेन्सर गुपचूप दुरुस्त करत असतो. पण ॲक्सिलरेटर तळाला गेला की बहुतेक गाड्यांत ईसीयू ही दुरुस्ती बाजूला ठेवते. त्या क्षणी ताकद हवी असते, मिश्रण मुद्दाम थोडे दाट ठेवायचे असते, आणि त्यासाठी ती एअर फ्लो सेन्सरच्या आकड्यावर विसंबते. आकडाच कमी असेल तर पेट्रोल कमी पडते, ठिणगीची वेळही चुकीच्या आकड्यावरून ठरते, इंजिन टकटक वाजू लागले की नॉक सेन्सर ती वेळ मागे खेचतो आणि उरलीसुरली ताकद जाते. सपाटीवर ठीक, घाटात गळाठलेली, याचे कारण हे आहे.

डिझेलची गोष्ट वेगळी आहे, आणि रत्नागिरीत डिझेलचीच जास्त महत्त्वाची. आंब्याच्या पेट्या घेऊन मार्च ते मेमध्ये वाशी आणि कोल्हापूरला धावणारे पिकअप, मिरकरवाड्याहून मासळी उचलणाऱ्या गाड्या, गणपतीपुळ्याच्या पर्यटकांच्या सात-आठ सीटर, ही सगळी डिझेलची दुनिया. डिझेल इंजिनात इंधन किती सोडायचे ते मुख्यतः तुमचा पाय ठरवतो. मग हवा मोजायची कशाला? धुरासाठी. हवा पुरेशी नसताना जास्त डिझेल सोडले तर सायलेन्सरमधून काळा लोट निघेल. म्हणून ईसीयू आधी सेन्सरला विचारते, हवा किती आहे, आणि तेवढ्याच मापाने डिझेलवर मर्यादा घालते. देशभर २०१७ मध्ये बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर ही मर्यादा आणखी कडक झाली. सेन्सर मळून हवा कमी सांगू लागला की ईसीयू प्रामाणिकपणे डिझेल आखडते. टर्बो धाप टाकत असतो, सिलिंडरमध्ये हवा भरपूर असते, पण इंधन मिळत नाही.

यातून एक खूण मिळते, ती कुठल्याही स्कॅनरशिवाय दिसते. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरला मागचा माणूस काय पाहतो ते विचारा. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर संशय एअर फ्लो सेन्सरवर किंवा डिझेल पुरवठ्यावर. गाडी ओढत नाही आणि काळा धूर ओकते, तर सेन्सर बहुधा निर्दोष. तेव्हा टर्बोनंतरची रबरी होज फाटलेली किंवा तिची क्लिप सुटलेली असते. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच बाहेर निसटते, ईसीयू त्या नसलेल्या हवेसाठी डिझेल सोडते आणि ते अर्धवट जळते. अशी होज फाटली असेल तर जोर लावताना शिट्टीसारखा किंवा फुसफुस आवाजही येतो. पेट्रोल गाडीत सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधली नळी तडकली तर उलटे होते. न मोजलेली हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडते, टर्न खालीवर होऊ लागतो.

आता रत्नागिरीतच हे इतके का दिसावे? मी म्हणेन, या सेन्सरचा छळ करायला निसर्गाने इथे सगळी सामग्री एकत्र ठेवली आहे. आधी जांभ्याची लाल धूळ. चिरेखाणींच्या रस्त्यांवर, चौपदरीकरणाच्या डायव्हर्जनवर ती पिठासारखी उडते. एप्रिलमध्ये एखाद्या पिकअपचा फिल्टर बॉक्स उघडून पाहावा. कागदाच्या घड्या लाल भुकटीने भरलेल्या, डब्याच्या तळाशी आंब्याच्या वाळक्या मोहराचा चुरा, एका कोपऱ्यात उंदराने नेऊन ठेवलेला नारळाचा काथ्या. कागद शाबूत आणि कडेचे रबर नीट बसलेले असेल तोवर ही धूळ डब्यातच राहते. फिल्टर घाईत वाकडा बसवला, किंवा कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून मारून कागदाला सूक्ष्म भोके पाडली, की धूळ थेट सेन्सरवर. थोडे पैसे वाचवायला फिल्टरला चार चार वेळा हवा मारायची आणि मग काही हजारांचा सेन्सर घ्यायचा, हा सौदा कोकणी हिशेबात बसत नाही.

दुसरी गोष्ट खार. पावसाळ्यात समुद्रावरून येणारा वारा मिऱ्या, भाट्ये, पावसच्या पट्ट्यात मीठ घेऊनच येतो. मासळीच्या गाड्यांना तर बर्फाचे खारट पाणी वेगळे. सेन्सरच्या आतल्या चकतीपेक्षा त्याचा कपलर यात आधी बाद होतो. कपलर काढून आत टॉर्च मारला की पिनांवर हिरवट पांढरी भुकटी दिसते, तांब्याच्या जुन्या भांड्याला चढते तशीच. पिन आणि सॉकेटमध्ये हा थर आला की रोध वाढतो, सिग्नल चुकीचा पोहोचतो, खड्ड्यात गाडी आदळली की क्षणभर तुटतो. मग गाडी कधी नीट, कधी मंद, आणि गॅरेजमध्ये उभी केली की हमखास नीट. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात हा आजार जुलै-ऑगस्टमध्ये वाढला नाही तरच नवल. उंदरांबद्दल वेगळे सांगायला नको. माडाखाली उभी केलेली गाडी म्हणजे त्यांची पावसाळ्यातली धर्मशाळा, आणि सेन्सरची वायर हा त्यांचा आवडता खाऊ.

तिसरे कारण माणसांनीच आणलेले आहे. जास्त पिकअप मिळेल म्हणून तेल लावलेला कापडी फिल्टर बसवण्याची हौस. तो नीट वापरला तर वाईट नाही, पण धुऊन पुन्हा बसवताना तेल सढळ हाताने ओतले जाते, ते थेंबाथेंबाने सेन्सरवर येते आणि त्याला धूळ चिकटते. पिकअप वाढवायला गेले आणि होता तोही गेला.

आता निदान. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणून सेन्सर ठीक, असे समजू नये. सिग्नल पूर्ण बंद झाला किंवा अशक्य आकडा आला तरच दिवा लवकर लागतो. मग स्कॅनरवर पी०१०२, पी०१०३ असे कोड दिसतात, पहिला सिग्नल फार कमी असल्याचा, दुसरा फार जास्त असल्याचा. पी०१०१ म्हणजे आकडा इतर सेन्सरांशी जुळत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पण ते कशामुळे हे तो सांगत नाही. या कोडवरून थेट सेन्सर मागवणे ही सर्वांत महाग चूक, कारण पी०१०१ फाटक्या होजमुळेही येतो आणि कुजलेल्या कपलरमुळेही. कोड हा संशयिताचे नाव सांगतो, गुन्हा सिद्ध करत नाही.

खरी माहिती चालू आकड्यांत असते, आणि ती आता सामान्य मालकाच्याही हातात आहे. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ओबीडी सॉकेट असते. त्यात लावायचा ब्लूटूथचा तुकडा हजार-दीड हजारात मिळतो आणि आकडे मोबाइलवर दिसतात. चालवणाऱ्याने ते पाहू नयेत. शेजारी बसणाऱ्याला मोबाइल द्यावा, आकडे साठवणारे ॲप असेल तर उत्तमच. पेट्रोल गाडीत पाहायचे ते फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवले किंवा कमी केले, तो आकडा. पाच टक्के इकडे-तिकडे चालते, दहापर्यंत काळजी नको. टर्नवर तो ठीक असेल आणि गाडी जोर घेताना वीस टक्क्यांकडे चढत असेल, तर सेन्सर कमी हवा सांगतो आहे, किंवा पंप पुरेसे पेट्रोल देत नाही. उलट टर्नवर जास्त आणि फेरे वाढवल्यावर कमी होत असेल, तर कुठेतरी हवेची गळती आहे, सेन्सरला हात लावू नका. या एका तपासणीने निम्मी भांडणे मिटतात.

डिझेलमध्ये फ्युएल ट्रिम असा उपयोगाचा नसतो. तिथे ग्रॅम पाहायचे. मी वर केलेले गणित तुमच्या इंजिनाच्या सीसीवर करून पाहा आणि टर्बो पूर्ण दाब देत असेल तर येणारा आकडा त्या दाबाच्या प्रमाणात वाढवा. अंदाजाने, कमाल ताकदीच्या जवळ पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे सेकंदाला पाऊण ते ०.८ ग्रॅम हवा लागते, डिझेलला त्याहून जास्त. ८० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात ४० ग्रॅमवरच अडकले, तर काहीतरी गडबड आहे. पण इथेच घाई नको. कमी आकड्याचा अर्थ सेन्सर खोटा असाच नसतो. फिल्टर चोंदला असेल, धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल, टर्बो हवा ढकलत नसेल किंवा सायलेन्सरमधला फिल्टर तुंबला असेल, तर हवा खरोखरच कमी जाते आणि सेन्सर बिचारा खरे बोलत असतो. टर्बोचा दाब ठीक, ईजीआर बंद, फिल्टर स्वच्छ आणि तरीही ग्रॅम कमी, एवढे जमले की मग सेन्सरकडे बोट दाखवावे.

जुन्या फिटर लोकांची एक चाचणी अजूनही चालते. इंजिन बंद करून सेन्सरचा कपलर काढायचा आणि गाडी चालवून पाहायची. सेन्सर गायब झाल्यावर ईसीयू आपल्या साठवणीतला अंदाजी आकडा वापरते. कपलर काढल्यावर गाडी चक्क जास्त ओढू लागली, तर सेन्सर खोटे बोलत होता हे जवळपास नक्की. काही फरकच पडला नाही तर मात्र यातून ठाम काही निघत नाही. दिवा लागेल, घाबरू नये, कोड नंतर काढता येतो. ही चाचणी गावातल्या मोकळ्या रस्त्यावर करावी, आंबा घाटात नव्हे, कारण काही गाड्या कपलर काढल्यावर ताकदच कमी करून टाकतात.

एक खुलासा हवा. सगळ्याच गाड्यांत हा सेन्सर नसतो. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅप सेन्सर असतो. तो इंजिनाच्या हवेच्या भांड्यातला दाब मोजतो आणि ईसीयू त्यावरून हवेचे वजन काढते, बॉशच्या त्या १९६७ च्या पद्धतीची ही सुधारलेली आवृत्ती. फिल्टर बॉक्सनंतरच्या नळीत चार-पाच वायरींचा सेन्सर दिसला नाही, तर तुमची गाडी बहुधा मॅपवाली. तिचीही तपासणी सोपी आहे, आणि रत्नागिरीकरांना तर निसर्गाने फुकट मोजपट्टी दिली आहे. चावी ऑन, इंजिन बंद. मॅपचा आकडा रत्नागिरीत १०० ते १०१ किलोपास्कल यायला हवा. तोच सुमारे दोन हजार फूट उंचीवरच्या आंब्याला ९४ च्या आसपास उतरायला हवा. समुद्रकाठीच ९० दाखवत असेल तर तो सेन्सर गेला.

याच आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. आंब्याला पोहोचेपर्यंत हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ होते, आणि टर्बो नसलेल्या गाडीची ताकद साधारण तेवढीच घटते. ती बिघाड म्हणून मोजू नका. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचेही तसेच, वायू स्वतः जागा अडवतो म्हणून ती पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के मंद असणारच. तिला पेट्रोलवर टाकून तोच चढ चढवून पाहा. पेट्रोलवर नीट असेल तर एअर सेन्सर दोषी नाही. आणि पिकअपवर ठरलेल्या वजनाच्या दीडपट पेट्या चढवल्या असतील, तर कोणत्याही सेन्सरला शिव्या देऊ नयेत.

सेन्सरच दोषी ठरला तरी लगेच नवीन घेऊ नका. आधी कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने स्वच्छ कराव्यात, वायर उंदराने कुरतडली आहे का पाहावी. मग सेन्सर काढून, एमएएफ क्लीनर म्हणून मिळणाऱ्या स्प्रेने, दहा-पंधरा फवारे लांबून मारून, पूर्ण वाळू द्यावा. काही शे रुपयांचे काम. कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका, पेट्रोलात बुडवू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आणि कान साफ करायच्या काडीने आतली चकती पुसायला तर मुळीच जाऊ नका. तिच्यावरचा हॉट फिल्मचा थर फार पातळ असतो, घासल्यावर उरत नाही. बसवल्यावर ईसीयूने शिकून ठेवलेले जुने सुधारणेचे आकडे स्कॅनरने पुसून घ्यावेत, नाहीतर गाडी काही दिवस जुन्या सवयीनेच चालेल. साफ करून ग्रॅमचा आकडा वाढला, तर रोग सापडला. नाही वाढला, तर सेन्सर आतून गेला, मग बदला. बदलताना कंपनीचाच किंवा त्याच कंपनीला पुरवठा करणाऱ्याचाच घ्या. नकली सेन्सर बाहेरून हुबेहूब असतो आणि आकडे मात्र आपल्या मनाचे सांगतो, म्हणजे पैसे देऊन नवे खोटे विकत घेणे.

गॅरेजमध्ये गाडी देताना तक्रारीत दोन गोष्टी आवर्जून सांगा: धूर येतो की नाही, आणि गाडी टर्नवर अडखळते की फक्त चढाला. एवढ्या माहितीवर चांगला मेकॅनिक अर्धे निदान उभ्या उभ्या करतो. दुरुस्तीच्या आधीचा आणि नंतरचा ग्रॅमचा आकडा बिलावर लिहून मागा. आणि सेन्सर बदलला असेल तर जुना परत घ्या. तो तुमचा आहे, आणि कधी कधी त्यावर एक फवारा मारायचाच बाकी असतो.